मदत हवी आहे: सावळ्या चेहऱ्यावर रोझेशिया (चेहरा लाल होऊन आग होण्याचा त्वचारोग) ओळखायचा कसा?

आईचं वय ५२, रंग सावळा. काही महिन्यांपासून तिचे गाल आणि नाक तापतं, चुरचुरतं. उन्हातून आली, गरम चहा घेतला किंवा गॅससमोर उभी राहिली की जास्तच. बारीक पुळ्या येतात, पण ब्लॅकहेड एकही नाही, म्हणून साधी मुरमं वाटत नाहीत. डोळेही वाळू गेल्यासारखे खुपतात. लाली मात्र स्पष्ट दिसत नाही, गाल काळपट-तांबूस वाटतात. त्यामुळे घरात सगळे वांगच म्हणतात. पण वांगाची अशी आग होत नाही ना!

मुरमांसाठीचं बेन्झॉइल पेरॉक्साइड लावून पाहिलं, आग वाढली म्हणून बंद केलं. स्टेरॉइडचं मलम कधीच लावलेलं नाही. पाळी गेली आहे, पण घाम फुटत नाही, गरमी फक्त चेहऱ्यावर. ताप, सांधेदुखी नाही.

त्वचारोगतज्ज्ञांची वेळ पुढच्या आठवड्यात आहे. शहर लांब पडतं, तिला वारंवार नेणं जमणार नाही. सावळ्या त्वचेवर रोझेशियाचं निदान झालेल्यांनी कृपया सांगा: डॉक्टरांनी नेमकं कशावरून ओळखलं? ल्युपस (प्रतिकारशक्ती स्वतःच्याच शरीरावर उलटते तो आजार, त्यातही गाल लाल होतात) नाही याची खात्री करायला रक्ततपासणी सांगितली होती का? आणि त्याच फेरीत डोळ्यांच्या डॉक्टरांनाही दाखवून घ्यावं का?