व्हिनाइल लायनरवर तांबूस डाग : ॲसिडने घासू का?

पोफळवाडी : नमस्कार मंडळी. गुहागरजवळ आमचं चार खोल्यांचं होमस्टे आहे. वाडीत ६ बाय ३ मीटरचा पूल आहे, खोली १.२ मीटर, आत निळं व्हिनाइल लायनर (प्लास्टिकचं अस्तर). पावसाळाभर ताडपत्रीखाली होता. आता उघडला तर पायऱ्यांवर आणि तळाला चहा सांडल्यासारखे डाग. कमी झालेलं पाणी विहिरीतून भरलं, टीसीएल (क्लोरीनची ब्लीचिंग पावडर) टाकली, तर सकाळी पाणीच तांबूस! पूल बघणारा मुलगा म्हणतो, सगळं उपसून ॲसिडने घासू. दिवाळीचं बुकिंग आहे. घासू का?

जांभ्याची_विहीर : थांबा! ॲसिड नको आणि उपसणं तर त्याहून नको. रिकामं लायनर उन्हात आकसतं, मग पाणी भरलं तरी कोपऱ्यांत नीट बसत नाही. त्यात पावसामुळे जमिनीतलं पाणी आत्ता वर आहे. वरचं वजन गेलं की ते खालून लायनर उचलतं. आमच्या शेजारी असाच पूल फुगला होता, गाभण म्हशीसारखा.

हे लोखंड वाटतंय. आपली जमीन जांभ्याची. विहिरीचं पाणी कळशीत नितळ दिसतं, पण त्यात लोह विरघळलेलं असतं. क्लोरीन लागला की ते गंजतं आणि तळाला बसतं. खात्री करायची तर व्हिटॅमिन सीची साधी ५०० ची गोळी (चघळायची रंगीत नको) डागावर अर्धा मिनिट दाबून धरा. डाग उडाला तर लोखंडच.

निवृत्त_प्रयोगशाळा : गोळीने फरक पडला नाही तर झाडं कोणती आहेत ते बघा. जंगली बदाम, जांभूळ, काजू यांची पानं पाण्यात कुजली की तपकिरी रंग सोडतात. तो डाग क्लोरीनने जातो, लोखंडाचा क्लोरीनने वाढतो. म्हणून आधी ओळख, मग औषध.

पोफळवाडी : गोळी धरली. पायरीवर रुपयाएवढा निळा ठिपका स्वच्छ उमटला! पण बदामाच्या बाजूला पानाच्याच आकाराचे डाग आहेत, ते हलले नाहीत.

जांभ्याची_विहीर : म्हणजे दोन्ही आहेत. आधी लोखंड काढा. क्लोरीन घालणं बंद करून तो जवळजवळ शून्यावर येऊ द्या, नाहीतर व्हिटॅमिन सी त्यालाच मारण्यात संपेल. पीएच ७.२ च्या आसपास ठेवा. तुमचं पाणी साधारण २१,६०० लिटर. ढोबळ हिशोब ४०,००० लिटरला अर्धा किलो ॲस्कॉर्बिक ॲसिड (व्हिटॅमिन सीचीच पावडर), म्हणजे तुम्हाला पाव किलोच्या थोडं वर. आधी १५० ग्रॅम डागांच्या बाजूने पसरा, पंप चालू ठेवा, दुसऱ्या दिवशी बघून उरलेलं टाका. क्लोरीन नसताना पाहुण्यांना आत सोडू नका.

डाग गेला म्हणजे लोखंड गेलं असं नाही, ते पाण्यात परत विरघळलेलं असतं. म्हणून लगेच धातू बांधून ठेवणारं औषध घाला (दुकानात मेटल सिक्वेस्ट्रंट म्हणून मागा). पीएच उतरला असेल, तो धुण्याच्या सोड्याने सावरा. क्लोरीन हळूहळू चढवा. घाईने शॉक (एकदम भरपूर क्लोरीन) दिलात की सगळे डाग परत हजर! पानांच्या डागांचं काम क्लोरीन पूर्ववत झाल्यावर आपोआप होईल.

मालवणी_माड : आमच्या पूलवाल्यान शेवाळ नको म्हणून मोरचूद घातलेलो. लायनर हिरवो-काळो झालो! मोरचूद पोफळीक मारतत रे, कोळेरोगाक. पोराबाळांच्या पाण्यात कित्याक?

निवृत्त_प्रयोगशाळा : तो मोरचुदातल्या तांब्याचा डाग. आणि पोफळवाडी, टीसीएल कोरडी भिरकावता का? न विरघळलेली पावडर तळाला बसली की लायनरचा रंगच उडतो, आणि उडालेल्या रंगाला औषध नाही. बादलीत कालवून, गाळ बसू द्यायचा आणि वरची निवळी तेवढी ओतायची.

पोफळवाडी : अगदी तस्संच टाकत होतो. 🙈

पोफळवाडी (नऊ दिवसांनी) : पायऱ्या निळ्या! दोनशे ग्रॅममध्येच काम झालं. पानांचे डागही फिकट होतायत. पाण्याच्या रेषेवर खोबरेल तेलाचा काळपट पट्टा होता, तो खायच्या सोड्याची पेस्ट मऊ फडक्यावर घेऊन निघाला. फक्त खोल बाजूला एक गुलाबी चट्टा आहे, तो चार दिवस फिका होतो आणि परत येतो.

निवृत्त_प्रयोगशाळा : तो बहुतेक आतून येतोय. लायनरच्या मागच्या ओलीत सूक्ष्मजीव वाढतात, त्यांचा रंग व्हिनाइलमधून पाझरतो. वरून घासून उपयोग नाही. पुढे लायनर बदलाल तेव्हा खालची ओल काढून द्यायची सोय करून घ्या.

जांभ्याची_विहीर : आणि पुढच्या वेळी भरण्याआधी बादलीभर पाण्यात चिमूटभर टीसीएल टाकून रात्रभर ठेवा. तांबूस झालं तर विहिरीचं पाणी लोह काढणाऱ्या फिल्टरमधूनच पूलमध्ये घ्या. टँकर मागवलात तरी हेच करा, तो पण कोणाच्या तरी विहिरीचाच असतो.

पोफळवाडी : बादली आजच ठेवतो. बदाम तोडावा म्हटलं, तर आईची दुपारची खुर्ची त्याच्याच सावलीत असते. म्हणजे जाळी घेऊन पानं काढायला रोज मीच.