अनुभव धागा: मैत्री, करुणा, मुदिता, उपेक्षा – तुमचं घोडं कुठे अडतं?

काठावरची:
कपाट आवरताना योगवर्गाची जुनी वही सापडली. पतंजलींच्या योगसूत्रांतल्या पहिल्या भागातलं, समाधिपादातलं, ३३वं सूत्र उतरवलेलं. सुखी माणसाशी मैत्री, दुःखी माणसाबद्दल करुणा, पुण्यवानाबद्दल मुदिता म्हणजे आनंद, पापी माणसाकडे उपेक्षा म्हणजे तटस्थपणा, की चित्त प्रसन्न. समासात माझ्याच अक्षरात, "आणि जाऊबाई?" 😄
त्यांनी पंचेचाळिशीत पदवी घेतली होती तेव्हा. घरभर कौतुक आणि माझ्या पोटात दुखतंय. मत्सरावर औषध म्हणून मुदिता आणायला बघायचे, जमायची नाही. शवासनात पडून त्यांचेच दोष मोजायचे मी! शेवटी एकदा त्यांच्या अभ्यासाच्या वह्या चाळायला मागितल्या. बाई रात्री एकला उठून लिहीत होत्या. त्या दिवसापासून जरा सैल पडलं. पूर्ण नाही, खोटं कशाला बोलू. तुमचं सांगा.

मधलीसुट्टी:
उपेक्षा!! साहेब ओरडले की बाहेरून मी दगड. रात्री दोनला मात्र मनातल्या मनात त्यांच्याशी भांडण, आणि रोज मीच जिंकतो.

जुनाखोड:
काठावरची, बारीक दुरुस्ती. मत्सरावर औषध मुदिता नव्हे, मैत्री. सुखी माणूस दिसला की मैत्री, असं सूत्र आहे. त्याचं सुख मित्राचं मानलं की जळायचं कुणावर?

काठावरची:
म्हणजे इतकी वर्षं चुकीच्या बाटलीतलं औषध घेत होते 🙈

पायरीवर:
बाळ झोपलंय तोवर लिहिते. प्रतिपक्षभावना कुणी केलीय का? वाईट विचार आला की उलटा विचार आणायचा ती. माझा उलटा विचार येईपर्यंत धपाटा घालून झालेला असतो. मोठ्याला. उठलं, जाते

निवांत_नाही:
आईचं अंथरुणातलं करतेय, चौथं वर्ष. करुणा आटते हो. मग अपराधी वाटतं. पुढचंच सूत्र, ३४वं, तेवढं जमतं. श्वास सावकाश पूर्ण बाहेर सोडायचा आणि जरा थांबायचं. दाराबाहेर उभी राहून पाच वेळा करते, मग आत जाते.

मधलीसुट्टी:
ताई, नमस्कार तुम्हाला. मी साहेबांचं रडगाणं गात बसलो.

पायरीवर:
निवांत_नाही, हे वाचून डोळे भरले. तुमच्याजागी कोणी तासभर बसणारं आहे का?

निवांत_नाही:
भाऊ येतो रविवारी. तेव्हा मी नुसती झोपते.

गुडघेदुखी:
विषय सोडून विचारतो, मांडी घालून बसता येत नाही, ध्यान होईल का?

जुनाखोड:
होईल की. १९५ सूत्रांत आसनावर तीनच, त्यातलं पहिलं 'स्थिरसुखमासनम्', म्हणजे स्थिर आणि सुखाचं ते आसन. व्यासभाष्यातल्या, म्हणजे सूत्रांवरच्या जुन्या टीकेतल्या, आसनांच्या यादीत 'सोपाश्रय' आहे, म्हणजे आधार घेऊन बसणं. खुर्ची घ्या.

गुडघेदुखी:
खुर्चीत झोप लागते.

मधलीसुट्टी:
मला मीटिंगमध्ये लागते. साहेबांसमोर.

काठावरची:
जाऊबाईंना धाग्याची लिंक पाठवलीय. निळ्या खुणा आल्यात, उत्तर नाही.