पेट्रोल भरलं की गाडीत वास येतो, तुमचे अनुभव सांगा

मंडळी, गाडी आठ वर्षांची, पेट्रोल. गेले दोन महिने पंपावरनं बाहेर पडलो की मागच्या सीटवर भक्कन वास येतो, आईला तर लगेच मळमळायला लागतं, मग काचा उघड्या टाकून तीस-चाळीस किलोमीटर गेलं की वास गायब, आणि पुढच्या वेळी टाकी फुल केली की परत तेच. जिथे नेहमी सर्विसिंगला टाकतो त्यांनी दोनदा गाडी ठेवून घेतली, टाकीचं झाकण बदललं, पैसे घेतले, "आता नाही येणार" म्हणाले. आला. तुमच्या गाडीला असं झालं असेल तर नेमकं काय निघालं आणि कसं सापडलं ते लिहा. इथेनॉलवर ढकलणारे सल्ले नकोत, ते व्हॉट्सॅपवर ढीगभर मिळालेत.

—

नॉझल खट्ट करून बंद झाल्यावर "अजून थोडं, राउंड फिगर कर" म्हणता का? मी वर्षानुवर्षं म्हणत होतो. नॉझलच्या टोकाला एक बारीक भोक असतं, पेट्रोल तिथवर चढलं की आतली हवा तुटते आणि खटका पडतो. वरची रिकामी जागा वाफेसाठी मुद्दाम सोडलेली असते. ती पण भरली की पेट्रोल वाफेच्या नळीतून कोळशाच्या डब्यात जातं, कॅनिस्टर म्हणतात तो. कोळसा वाफ धरून ठेवतो, पेट्रोल ओतलं तर मेला. माझा डबा काढून मेकॅनिकने हलवून दाखवला, आत डचमळत होतं! डबा बदलला, राउंड फिगर बंद.

—

वरच्यांना जोडून. पेट्रोल भरल्याभरल्या गाडी स्टार्ट व्हायला नखरे करत असेल, चार-पाच सेल्फ मारावे लागत असतील, तर पर्ज व्हॉल्व्ह बघा. तो डब्यातली वाफ इंजिनात सोडतो, पण इंजिन बंद असताना तो बंदच पाहिजे. माझा उघडा अडकलेला. आमच्या मिस्त्रींनी तो सोडवून नुसता तोंडाने फुंकला, हवा आरपार. दोन मिनिटांत निदान, आणि मी तीन आठवडे बॅटरीला शिव्या घालत होतो.

—

उंदीर. दुसरं काही नाही. वाफेची रबरी नळी कुरतडलेली, सोसायटीच्या पार्किंगमधे तिघांच्या गाड्यांचं तेच झालं.

—

मी रत्नागिरीचा, आमच्याकडे खारी हवा, त्यामुळे सगळ्याचा शेवट गंजात होतो. माझ्या जुन्या गाडीला भरतानाच वास यायचा, नंतर नाही. पंपावरचा पोऱ्याच म्हणाला, दादा खाली बघा. मागच्या चाकाच्या वर थेंब थेंब गळत होतं. चाकाच्या आतलं प्लॅस्टिक काढलं तर त्यामागे दोन पावसाळ्यांचा चिखल ओला होऊन बसलेला आणि टाकीत जाणारा लोखंडी पाईप त्या चिखलाखाली चाळणी झालेला. आधी पुट्टी लावून बघितली, आठ दिवस टिकली. पाईपच बदला.

—

मी ह्यूस्टनला असते. इथल्या गाड्यांमधे १९९८ च्या मॉडेलपासून टप्प्याटप्प्याने अशी सोय आली की भरताना उठणारी वाफ बाहेर न जाता गाडीच्याच कॅनिस्टरमधे जाते, त्यामुळे भरताना फार वास आला किंवा नॉझल सारखं खटखट बंद पडायला लागलं की वाफेची वाट कुठेतरी तुंबली असं समजायचं. माझ्या गाडीला चेक इंजिनचा दिवा लागला, कोड पी ०४५७, म्हणजे झाकण सैल. झाकण नवं टाकलं तरी दिवा जाईना. मग गॅरेजवाल्याने नळ्यांमधे धूर सोडला आणि टॉर्च घेऊन बसला, टाकीच्या वरच्या एका जॉइंटमधून धुराची बारीक रेघ निघाली. मला ते बघायला फार आवडलं, उदबत्ती लावल्यासारखं. आणि एक गंमत, २०११ मधे माझदाने उत्तर अमेरिकेत माझदा ६ च्या साधारण ६५ हजार गाड्या परत बोलावल्या होत्या, का तर एका जातीचे कोळी वाफेच्या नळीत जाळी विणून ती बंद करत होते.

—

धागाकर्ते, तुमचा वास टाकी फुल केल्यावरच येतो आणि थोडं पेट्रोल उडालं की जातो, इथेच उत्तर आहे. गळती टाकीच्या डोक्यावर असणार, पेट्रोल खाली गेलं की ती जागा कोरडी. एकदा अर्धीच टाकी भरून बघा. अर्ध्यावर वास नाही आणि फुलला आला, तर मागची सीट उचला. बऱ्याच गाड्यांमधे तिच्याखाली एक पत्र्याचं झाकण असतं, त्याखाली फ्युएल पंप. पण घरी खुडबुड करू नका, पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड, ती खाली साचून राहते आणि वायरचा पिन काढताना पडलेली एक ठिणगी पुरते. बॅटरीची वायर आधी सोडायची, दारं सगळी उघडी.

—

धागाकर्ता परत आलोय. अर्धी टाकी भरली, वास नाही. फुल भरली, आला. मग दुसऱ्या गॅरेजला नेऊन सीट उचलायला लावली. पंपाच्या भोवतीची सगळी धूळ कोरडी होती, फक्त एका बाजूला चंद्रकोरीएवढी ओली, काळी. मेकॅनिकने विचारलं, पंप कधी बदललाय का. बदललाय, मागच्या वर्षी, प्रवासात बंद पडला तेव्हा रस्त्यावरच्या एका गॅरेजात. त्याने जुनीच रबरी रिंग परत बसवलेली आणि ती एका ठिकाणी मुरगळून दबलेली. नवी रिंग साडेतीनशेची, मजुरी वेगळी. म्हणजे झाकणापेक्षा स्वस्तात काम झालं!

काल टाकी फुल केली, आईला मागेच बसवलं आणि सासवडला निघालो. दिवे घाटात विचारलं, येतोय का गं वास? म्हणाली येतोय. माझं धाबं दणाणलं. मग म्हणाली, काच लाव, त्या पुढच्या ट्रकचा येतोय.