मदत हवी आहे: बीचवर पांढराफटक सीगल, कोणता?

खारूताई
जरा लवकर सांगा. सकाळी नेहमीच्या थव्यात एक पांढराफटक सीगल बसला होता. ॲप दर वेळी वेगळंच नाव दाखवतंय. मोबाइलच्या फोटोत नुसता ठिपका दिसतो, म्हणून टाकत नाही. दुर्मिळ असेल तर अंधार पडायच्या आत परत जाते.

टिवटिव
कुठला बीच? दापोली?

खारूताई
अहो शिकागो! माँट्रोज. लेक मिशिगन. मी इथे राहते हे माहितीये की सगळ्यांना.

टिवटिव
मला नव्हतं.

पाणकोंबडा
सीगल काय? मराठीत कुरव म्हणतात.

चष्मेवाला
पाय कोणत्या रंगाचे? चोच? 'नेहमीचे' म्हणजे कोणत्या जातीचे कुरव, रिंग-बिल्ड गल की हेरिंग गल? त्यांच्यापेक्षा मोठा की लहान?

उजनीकाठ
आमच्याकडे भिगवणला थंडीत तपकिरी डोक्याचे कुरव येतात. होडीतून फरसाण टाकलं की डोक्यावर घिरट्या. तुम्हीही टाका, जवळून फोटो मिळेल.

चष्मेवाला
फरसाण टाकू नका. तिथेही नको, भिगवणलाही नको.

उजनीकाठ
वीस वर्षं टाकतोय, एकही मेलेला बघितला नाही.

चष्मेवाला
त्यासाठी वेगळा धागा काढा. ताई, पाय?

खारूताई
गुलाबी. शेजारच्या हेरिंगपेक्षा थोराड. चोचही गुलाबी, फक्त टोक काळं, दौतीत बुडवून काढल्यासारखं. अंगावर दुधाळ चहाच्या रंगाची पुसट नक्षी.

पाणकोंबडा
थेयर्स गल असणार. माझ्या पुस्तकात आहे.

चष्मेवाला
पुस्तक जुनं आहे. थेयर्सला २०१७ मध्येच आइसलँड गल या जातीत घातलं, वेगळी जात राहिली नाही. आणि आइसलँड हेरिंगपेक्षा लहान, गोल डोक्याचा. पहिल्या हिवाळ्यात चोच बरीचशी काळी. हा ग्लॉकस गल वाटतो, गेल्या उन्हाळ्यात आर्क्टिककडे जन्मलेला. अगदी अप्रूप नाही, पण तिथे हिवाळ्यात हेरिंगच्या थव्यात एखादाच सापडतो. पंखांची टोकं पांढरी होती ना? काळी असतील तर माझं सगळं रद्द.

खारूताई
तेच नाही बघितलं! निघाले.

पाणकोंबडा
आइसलँडला तरी मराठी नाव आहे का?

खारूताई
आले. बर्फाच्या कडेला तिथेच होता. बाजूच्या डॉग बीचवरून एक कुत्रं सुटून आलं, सगळा थवा उडाला. हेरिंगची काळी टोकं लगेच कळत होती. याच्या पंखात काळं काहीच नाही.

चष्मेवाला
ग्लॉकस! फोटो?

खारूताई
थंडीने मोबाइल बंद पडला.

उजनीकाठ
म्हणून म्हणत होतो, फरसाण.