दोन फुटी टँकसाठी डायमंड गोबी सुचवणं थांबवा

खाजणकर
परवा इथे एकाने विचारलं होतं की छोट्या खाऱ्या टँकची रेती तपकिरी पडते, कुठला मासा आणू? त्यावर उत्तर आलं, "डायमंड गोबी सोडा, महिन्यात रेती पांढरी, हात घालायला नको." खाली सगळ्यांचे अंगठे. टँक 60 बाय 35 बाय 35 सेंटिमीटरचा. काठोकाठ भरला तरी 73 लिटर, दगड-रेती वजा जाता 60 च्या आसपास. राहवत नाही म्हणून सविस्तर लिहितोय.

हा मासा रेती गाळतो तो पोटासाठी. तोंडभर रेती घ्यायची, कल्ल्यांतल्या काट्यांवर गाळायची, कोपेपॉड, अ‍ॅम्फिपॉड, असे रेतीतले चिमुकले जीव आणि बारीक किडे गिळायचे आणि रेती कल्ल्यांतून सोडून द्यायची, असं दिवसभर चालतं. तुमच्या तळाला रेती किती? 2100 चौरस सेंटिमीटर. त्यातले जीव काही आठवड्यांत संपतात. रेती पांढरी दिसते ती नेमकी तेव्हा, आणि मासा खंगायलाही तेव्हाच लागतो. आधी पोट खपाटीला जातं, मग डोक्यामागची पाठ बसते. पाठ बसल्यावर फार थोडे सावरतात. शिवाय हा 15 सेंटिमीटरपर्यंत वाढतो. 200 लिटरच्या खाली याचा विचारच नको.

रीफ_डोंबिवली
अर्धंच सांगताय. गोठवलेले मायसिस (झिंग्यासारखे बारीक जीव) आणि बुडणाऱ्या बारीक गोळ्या यांची सवय लावली की डायमंड छान जगतो. दिवसातून तीनदा, पिपेटने थेट रेतीवर द्यायचं, पॉवरहेड, म्हणजे पाणी फिरवणारा पंप, दहा मिनिटं बंद ठेवायचा. विकत घेतानाच दुकानदाराला समोर खायला घालायला सांगा. खात नसेल तर घेऊ नका. उपाशी मरतो हा दोष माशाचा नाही, पाळणाऱ्याचा आहे.

खाजणकर
तीनदा मायसिस 60 लिटरमध्ये? ते फॉस्फेट आणि नायट्रेट जाणार कुठे? रेती साफ करायला मासा आणायचा, त्याला जगवायला खाणं ओतायचं आणि त्या खाण्यावर सायनोचा, म्हणजे सायनोबॅक्टेरियाचा, लाल थर वाढवायचा! मोठ्या टँकला सम्प (खालची जोडटाकी) असतो, मोठा स्किमर (फेसातून घाण काढणारं यंत्र) असतो, तिथे तुमचं म्हणणं बरोबर आहे. इथे प्रश्न दोन फुटी टँकचा आहे.

आणि रेती तो जमिनीलगतच सोडतो असंही नाही. वर पोहत जाऊन सोडतो. झोअँथिड, अकान, तळाला ठेवलेला ट्रॅकिफायलिया अशी पोवळी रोज रेतीखाली. दगड रेतीवर नुसते टेकवले असतील तर खालून पोखरून पाडतो. दगड आधी तळकाचेवर बसवायचे आणि रेती नंतर भरायची, हे कुठल्याही बिळकरी माशासाठी पाळायलाच हवं.

काचतळ
मुळात रेती हवी कशाला? उघडा तळ ठेवा, कचरा दिसतो, सायफनने ओढता येतो. सगळा वाद संपला.

सिंधुसागर
काचतळ, प्रत्येक धाग्यावर हेच लिहिता. ज्याला रेतीतले जीव पाळायचे आहेत त्याला उघडा तळ सांगून काय उपयोग?

पाणीदार
माशावर भांडण्याआधी तो तपकिरी थर कशाचा आहे ते पाहिलंत का? बोट लावल्यावर धुळीसारखा उडतो तो डायटम, म्हणजे सूक्ष्म शेवाळ. त्याला सिलिकेट लागतं, आणि ते येतं तुमच्या पाण्यातून. आपल्याकडे निम्मे लोक स्वयंपाकघरातल्या आरओचं पाणी मिठात कालवतात. त्या मशीनमध्ये टीडीएस (पाण्यात विरघळलेले क्षार) कंट्रोलर असतो. चव यावी म्हणून तो थोडं कच्चं पाणी परत मिसळतो. टीडीएस 60–80 आलं की पिणारा खूश, पण टँकला 0 लागतं. कंट्रोलर पूर्ण बंद करा, मिनरल कार्ट्रिज काढा, मेंब्रेननंतर डीआय रेझिन (उरलेले आयन धरून ठेवणारे दाणे) जोडा.

रीफ_डोंबिवली
मीटरवर 0 दाखवत असेल तर पाण्याला दोष देता येणार नाही. उगाच घाबरवू नका.

पाणीदार
देता येतो, आणि हेच कुणी ऐकत नाही! सिलिका पाण्यात फारशी आयनरूपात नसते, त्यामुळे टीडीएस मीटर तिला जवळजवळ पकडतच नाही. रेझिनवरही तिची पकड सगळ्यांत ढिली. रेझिन संपत आलं की सगळ्यांत आधी तीच सुटते, आणि मीटर 0 च दाखवत राहतो. म्हणून रंग बदलणारं रेझिन घ्या आणि रंग तळापर्यंत उतरायची वाट न पाहता बदला. ज्यांच्याकडे बोअरवेलचं किंवा टँकरचं पाणी येतं त्यांनी दोन डीआय एकामागे एक लावावेत. पहिला संपला की दुसरा पुढे आणायचा, नवा मागे.

सिंधुसागर
पाण्याचं सगळं खरं, पण नव्या टँकमध्ये पहिल्या दोन महिन्यांत डायटम येतोच. नवी रेती, नवे दगड यांतूनही सिलिकेट सुटतं. ते संपलं की आपोआप ओसरतो. दर वेळी रेझिन बदलायला लावू नका.

पाणीदार
नव्या टँकपुरतं मान्य. पण सहा महिने जुन्या टँकमध्ये पुन्हा पुन्हा येत असेल तर पाणीच. यावर मी मागे हटणार नाही.

रीफ_डोंबिवली
धागा माशाचा होता. डायमंड नको तर नको, 60 लिटरला नाही शोभत, सोडतो मी तो मुद्दा. पण मग काय आणायचं ते तरी सांगा. नुसतं नको नको करून लोक दुकानात जाणारच आणि तिथे सगळ्याच गोबींना रेती साफ करणारा म्हणून गळ्यात मारतात.

खाजणकर
खरं सांगायचं तर एवढ्या टँकला रेती गाळून जगणारा एकही मासा सुचवणार नाही. दुचश्मी सिग्निगोबियस तर अजिबात नको, तो अनुभवी लोकांकडेही उपाशी मरतो. रेनफर्ड गोबी जेमतेम 6–7 सेंटिमीटरचा, शांत, रेती चाळतो आणि केसाळ शेवाळही टिपतो. पण त्याला किमान 100 लिटरचा, मुरलेला, शेवाळ असलेला टँक लागतो. टँकमध्ये मँडरिन मासा असेल तर दोघे त्याच कोपेपॉडवर तुटून पडतात.

रेतीचं काम गोगलगायींना द्या. डायटमसाठी सेरिथ सहा-सात, त्या रात्री रेतीतही फिरतात. उरलेल्या खाण्यासाठी नासॅरियस चार-पाच, पण त्या शेवाळ खात नाहीत. आठवड्याला 6 लिटर पाणी बदलताना रेतीचा एक तृतीयांश भाग सायफन करा, पुढच्या आठवड्यात पुढचा.

सिंधुसागर
आणि मासा हवाच असेल तर याशा गोबी, सोबत रँडॉलचा पिस्तूल झिंगा. गोबी 5–6 सेंटिमीटरचा, पाण्यात तरंगत येणारं टिपून खातो, रेतीतल्या जिवांवर अवलंबून नाही. बीळ खणतो तो झिंगा, गोबी त्याच बिळात राहतो. रेती 0.5 ते 1.5 मिलिमीटरची, 4–5 सेंटिमीटर जाड, म्हणजे साधारण 12–15 किलो अ‍ॅरागोनाइट. त्यात मूठभर पोवळ्याचे तुकडे मिसळा, नाहीतर बिळाचं छत टिकत नाही. सिक्सलाइन रास हा मासा मात्र नको, तो गोबीला बिळाबाहेर डोकंही काढू देत नाही. क्लाउनफिशची जोडी चालते.

खाजणकर
याशाला हरकत नाही, फक्त तो रेती पांढरी करेल असं कुणाला सांगू नका. आणि झाकणाला 5–6 मिलिमीटरची जाळी लावा, वायरच्या खाचेसकट. गोबी बरोबर त्याच फटीतून उडी मारतो.

रीफ_डोंबिवली
क्वारंटाइनमध्ये, म्हणजे नवा मासा वेगळा ठेवता त्या टाकीत, कॉपरचं औषध देणार असाल तर तिथे अ‍ॅरागोनाइट ठेवू नका, ते कॉपर शोषतं आणि मात्रा कोसळते. पीव्हीसीचे तुकडे ठेवा, त्यात लपतो. झिंग्याला मात्र कॉपर अजिबात चालत नाही, त्याला वेगळं ठेवा.