पुरानंतरचा पैसा हद्दीप्रमाणे की नुकसानीप्रमाणे?

नदीकाठकर

पूर ओसरला की आमच्याकडे कोकणात दुसरं भांडण सुरू होतं. आमची वस्ती नगरपरिषदेची हद्द संपते तिथेच आहे. अर्धी घरं नगरपरिषदेत, अर्धी ग्रामपंचायतीत, मधून पऱ्या, म्हणजे ओढा. पुरात पऱ्याची संरक्षक भिंत पडली आणि साकव, म्हणजे पायी जायचा छोटा पूल, वाहून गेला. नगरपरिषद म्हणते, साकव वाडीच्या वाटेवरचा, तो जिल्हा परिषदेने बांधावा. ग्रामपंचायत म्हणते, भिंतीचा पाया शहर हद्दीत, आमचा प्रस्ताव तांत्रिक मंजुरीतच अडकेल. शेवटी दोघांनी अंदाजपत्रकं पाठवली, दोन्हींत तीच भिंत. एकच काम दोनदा दिसतं म्हणून दोन्ही परत आली. शाळेची पोरं अजून हायवेच्या कडेने वळसा मारून जातात, आणि त्या वळणावर डंपर कसे येतात ते इथल्यांना सांगायला नको.

घराची, दुकानाची मदत पंचनाम्यावरून तहसीलमार्फत थेट खात्यात जाते, तो विषय वेगळा. मी बोलतोय गटारं, भिंती, साकव, नळपाणी योजना यांबद्दल. या कामांचा पैसा हद्दीप्रमाणे वाटूच नये. एका नदीच्या काठावरच्या सगळ्या नगरपरिषदा आणि ग्रामपंचायती मिळून, जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली एकच यादी करावी आणि जिथे मोडतोड जास्त तिथे पहिलं काम लागावं. पंधराव्या वित्त आयोगाने २०२१ ते २०२६ साठी राज्याच्या आपत्ती निधीतला ३० टक्के हिस्सा सावरणं आणि पुनर्बांधणी यासाठी वेगळा धरला होता. म्हणजे पुनर्बांधणी हा खर्चाचा स्वतंत्र मथळा आहे. तो जिल्हा नियोजन समितीच्या उरल्यासुरल्या पैशातून कशाला भागवायचा?

बाजारपेठेतला

अजिबात पटलं नाही. २२ जुलै २०२१ ला चिपळूणची बाजारपेठ पाण्याखाली गेली, ते सगळ्यांनी टीव्हीवर पाहिलं. पाणी उतरल्यावरचं मात्र आम्ही पाहिलं. शटर वर करायला चार माणसं लागत होती, कारण आतून चिखल दाबून बसलेला. कडधान्याच्या पोत्यांना मोड आले होते आणि वासाने उभं राहवत नव्हतं. त्या वर्षी दुकानदाराला सरकारी मदत नुकसानीच्या ७५ टक्के, पण ५० हजारांच्या वर नाही. एवढ्यात एका गाळ्याचं फर्निचरसुद्धा होत नाही.

बाजार उभा राहिला तर आजूबाजूच्या गावांना खत, औषधं, रोजगार मिळतो. म्हणून शहराची गटारं आणि रस्ते आधी. आणि जिल्हाधिकाऱ्यांची समिती म्हणजे ज्याला आपण मत देत नाही त्याच्या हातात किल्ली. काम झालं नाही तर नगरसेवकाच्या दारात जाता येतं. समितीच्या दारात कोण उभं करणार?

वरच्या वाडीतली

दादा, "शहर आधी" हे आम्ही प्रत्येक वेळी ऐकतो. त्याच २२ जुलैला महाड तालुक्यातल्या तळियेत डोंगर खाली आला आणि ऐंशीहून जास्त माणसं गेली. ती वाडी कुठल्या बाजारपेठेत नव्हती. दरडीखालच्या वाड्यांचा नंबर मग कधी लागायचा?

ग्रामपंचायतीकडे पैसा आहे असं समजू नका. पंधराव्या वित्त आयोगातून गावाला जे मिळायचं त्यातलं ६० टक्के बंधित, म्हणजे पाणी आणि स्वच्छतेवरच. उरलेल्यात दिवाबत्ती, पाखाडी (दगडी पायवाट), अंगणवाडीचं छप्पर. त्यात दरडीची भिंत कशी बसवायची? घरपट्टी तर गणपतीला मुंबईकर आले की वसूल होते.

पण नदीकाठकरांच्या समितीलाही माझा विरोध आहे. नदीप्रमाणे यादी केली की नदीपासून लांबच्या, डोंगराच्या पोटातल्या वाड्या त्यात दिसणारच नाहीत. कोकणात माणसं पुराइतकीच दरडीने मरतात. आणि समितीत सरपंच कोपऱ्यात बसतो, बोलतो नगराध्यक्ष.

दापोलीकडचा

भांडण एवढ्यावर थांबत नाही, जिल्ह्याजिल्ह्यांतही आहे. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळलं. पंचनामे चालू असतानाच तातडीची मदत जाहीर झाली, रायगडला १०० कोटी, रत्नागिरीला ७५, सिंधुदुर्गला २५. वारा काय रायगड-रत्नागिरीच्या हद्दीवरच्या बाणकोटच्या खाडीवर थांबला होता? इकडे रत्नागिरीतल्या मंडणगड, दापोलीत घरांवर एक कौल राहिलं नव्हतं.

माझ्या मते रोग हद्दीत नाही, निकषात आहे. तेव्हा बागायतीची मदत हेक्टरी १८ हजारांवरून ५० हजार केली, चांगलं झालं. पण आमच्या वाड्या, म्हणजे नारळ-सुपारीच्या बागा, गुंठ्यांत मोजायच्या. चार गुंठ्यांत माड, त्याखाली पोफळी (सुपारी), पोफळीवर मिरी, मध्ये जायफळ. हेक्टरच्या हिशोबाने त्याचे दोन हजार होतात. ओरड झाल्यावर झाडामागे मदत ठरली, पोफळीला ५० रुपये आणि माडाला २५०. आडवा पडलेला माड तोडून बाहेर काढायलाच त्याहून जास्त मजुरी जाते. निकष असे असतील तर यादी नगरपरिषदेने करा की समितीने, हातात तेच पडणार.

नदीकाठकर

ताई, दरडीचा मुद्दा मान्य. यादी नदीप्रमाणे नको, तालुक्याप्रमाणे करू, त्यात पूर आणि दरड दोन्ही घ्या.

दापोलीकर, निकष बदलायलाच हवेत, पण आमच्या साकवाला निकष आडवा आला नव्हता, सही आडवी आली.

बाजारपेठेतल्या दादांना एवढंच विचारतो. तुमच्या गटारात येणारा गाळ वरच्या गावांच्या पऱ्यांतून येतो. वर भिंत नसेल, डोंगर उघडा असेल, तर बाजारातलं गटार कितीही रुंद करा, पहिल्या मोठ्या पावसात भरणार. शहरासाठी म्हणूनच वरचं काम आधी हवं.

बाजारपेठेतला

गाळाचं म्हणणं बरोबर आहे, तो आम्ही दरवर्षी फावड्याने उपसतो. तरी निर्णय निवडून आलेल्यांकडेच राहिला पाहिजे. सामायिक कामांपुरती दोन्ही सभागृहांची एकत्र बैठक घ्या, ठराव तिथेच करा आणि अंदाजपत्रक एकच पाठवा. जिल्हाधिकाऱ्यांनी पैसा सोडावा, यादी करू नये.

वरच्या वाडीतली

एकत्र बैठकीला माझी हरकत नाही. फक्त ती नगरपरिषदेच्या सभागृहात नको, एकदा आमच्या ग्रामसभेत घ्या. मे महिन्यात घ्या, पाऊस लागायच्या आत, आणि भेगा पडलेली जमीन आधी चालून बघा.