दीड वर्षाच्या गृहभेटींनंतर मुलांची उंची ‘घसरली’ असं अहवाल म्हणतो. नेमकं काय तपासू?

गृहभेट_समन्वयक

नमस्कार. शून्य ते तीन वयाच्या मुलांसाठी चालणाऱ्या गृहभेट कार्यक्रमाचं समन्वयाचं काम मी बघते. आमच्या कार्यकर्त्या दर आठवड्याला प्रत्येक घरी तासभर बसतात. आईबाबांना सोबत घेऊन मुलाशी खेळतात, गप्पा मारतात, चित्रांचं पुस्तक उलगडतात. लसीची तारीख जवळ आली की आठवण करतात, अंगावर पाजण्यात अडचण असेल तर बाजूला बसून मदत करतात. बस, एवढंच काम. पण ते मनापासून केलंय.

सुरुवातीला दोनशेच्या आसपास मुलं मोजली होती. बहुतेकांचं वय आठ ते दहा महिने. दीड वर्षानंतर परत मोजली, तेव्हा चाळीसेक गळाली होती. वयानुसार उंचीचा सरासरी झेड स्कोअर, म्हणजे त्याच वयाच्या निरोगी मुलांच्या मधल्या उंचीपेक्षा मूल किती वर किंवा खाली आहे ते सांगणारा आकडा, सुरुवातीला उणे १.० होता, आता उणे १.५ आलाय. देणगीदारांनी विचारलं, “म्हणजे तुमच्यामुळे मुलं खुजी झाली का?” बैठकीत मला उत्तर देता आलं नाही. एक कार्यकर्ती तर उठून बाहेर गेली. पहिल्या महिन्यात जे मूल तिच्याकडे बघतही नव्हतं, ते आता तिची पिशवी दिसली की दाराशी धावत येतं आणि स्वतः पुस्तक बाहेर काढतं. अहवालाच्या एकाही रकान्यात याची नोंद नाही.

मला कुणाची समजूत नकोय. आकडा खरा असेल तर मी तो स्वीकारीन. पण तो खरा आहे का, हे कसं तपासायचं ते सांगा.

आकडेमोड

ताई, सरासरीकडे नंतर बघू. आधी चार गोष्टी सांगा. सुरुवातीला आणि शेवटी मोजणारी माणसं तीच होती का? मूल झोपवून मोजलं की उभं करून? वय कसं लिहिलं, जन्मतारीख कागदावर बघून की आईला विचारून? आणि ती चाळीस मुलं सुरुवातीच्या सरासरीत अजून आहेत का?

गृहभेट_समन्वयक

आज जुने फॉर्म काढून बसले.

मोजणारी माणसं वेगळी. पहिल्या वेळी आमच्याच कार्यकर्त्यांनी फळीवर झोपवून मोजलं. दुसऱ्या वेळी बाहेरून गट बोलावला होता, त्यांनी सगळ्यांना उभं केलं. पण टॅबलेटवरच्या फॉर्ममध्ये ‘झोपवून’ हा पर्याय आधीपासून निवडलेला होता आणि तो कुणी बदललाच नाही. सगळ्या नोंदींत तेच दिसतंय.

वय पहिल्या वेळी आईला विचारून लिहिलं, ‘नऊ महिने’, ‘दहा महिने’ असं. दुसऱ्या वेळी लसीच्या कार्डावरची जन्मतारीख घेतली. आणि हो, गळालेली मुलं सुरुवातीच्या सरासरीत आहेत.

आकडेमोड

इथेच पुष्कळसं सापडलं. एकेक घेऊ.

झोपवून मोजलेली लांबी आणि उभं करून मोजलेली उंची यांत जागतिक आरोग्य संघटनेच्या वाढमानकांनुसार ०.७ सेंटीमीटरचा फरक धरतात. उभं केलं की मूल तेवढं कमी भरतं. दोन वर्षांच्या आतलं मूल झोपवून मोजायचं, पुढे उभं करून, आणि उलट झालं तर ०.७ मिळवायचे किंवा वजा करायचे. तुमच्या नोंदीत ‘झोपवून’ असल्यामुळे सॉफ्टवेअरने दोन वर्षांवरच्या मुलांचे ०.७ वजा केले. ती मुलं तर उभीच मोजली होती. दोन वर्षांखालच्यांचे ०.७ मिळवायला हवे होते, ते मिळवले नाहीत. म्हणजे सगळ्यांच्याच उंचीतून ०.७ सेंटीमीटर गेले. दोन-सव्वादोन वर्षांच्या वयाला एक झेड स्कोअर म्हणजे सव्वातीन सेंटीमीटरच्या आसपास. तेव्हा ०.२ एवढी घसरण निव्वळ त्या एका न बदललेल्या पर्यायाची आहे.

आता वय. आई ‘नऊ महिने’ म्हणते तेव्हा बहुधा नऊ पूर्ण होऊन दहावा चालू असतो. सरासरी अर्धा महिना कमी लिहिला जातो. त्या वयात बाळं महिन्याला साधारण १.४ सेंटीमीटर वाढतात. मानकात मुलींची मधली लांबी नऊ महिन्यांना ७०.१ आणि दहा महिन्यांना ७१.५ सेंटीमीटर आहे. अर्धा महिना लहान लिहिलेलं बाळ वयाच्या मानाने ०.७ सेंटीमीटर उंच दिसतं, आणि तिथे एक झेड स्कोअर अडीच सेंटीमीटरच्या आतबाहेरच असतो. म्हणजे सुरुवातीचा आकडा पाव ते ०.३ ने फुगलेला होता.

पहिला आकडा फुगलेला, दुसरा दबलेला. तुमची ०.५ ची घसरण जवळजवळ यातच संपते.

पण ताई, इथे थांबून ‘आमचं काम चांगलंच होतं’ असं म्हणू नका. तेही तुमच्या आकड्यांतून निघत नाही. गरिबी आणि आजारपण जास्त असलेल्या वस्त्यांत वयानुसार उंचीचा स्कोअर जन्मानंतर दोन वर्षांपर्यंत घसरतच जातो, हे अनेक देशांच्या पाहण्यांत दिसलंय. तुम्ही मुलं धरलीत नऊ महिन्यांना आणि सोडलीत सव्वादोन वर्षांना, म्हणजे नेमका तोच उतार. कार्यक्रम नसता तर किती घसरली असती? हे कळायला तुलनेचा गट लागतो, तो तुमच्याकडे नाही. म्हणून ‘आधी आणि नंतर’ एवढ्यावरून निकाल लावता येत नाही, चांगलाही नाही आणि वाईटही नाही.

याच्या उलटी फसगतही असते. मुलं सगळ्यांत कमी वजनाची असताना दाखल करून घेतली, तर त्यांतली बरीच पुढच्या वेळी आपोआप थोडी वर आलेली दिसतात. आजारपण उतरलेलं असतं, नाहीतर पहिल्या वेळी मोजणीच चुकलेली असते. त्याचं श्रेय कार्यक्रमाला दिलं जातं. असे अहवाल मी बरेच वाचलेत आणि दर वेळी वाईट वाटतं, कारण पुढच्या वर्षीचे पैसे त्यावर ठरतात.

आता करायचं काय? ज्यांच्या जन्मतारखा कार्डावर मिळाल्या, त्यांचं सुरुवातीचं वय दिवसांत पुन्हा काढा. दुसऱ्या वेळच्या सगळ्या नोंदींत ‘उभं करून’ करा. दोन्ही वेळा मोजलेल्या मुलांचीच सरासरी घ्या. गळालेल्यांचे सुरुवातीचे आकडे वेगळे काढून बघा, कारण सगळ्यांत अडचणीतली घरंच आधी गळतात, असं बऱ्याचदा होतं. आणि स्कोअरचा फैलावही तपासा. प्रमाण विचलन १ ते १.३ च्या दरम्यान असायला हवं. त्याहून बरंच जास्त आलं तर मोजणीत गोंधळ आहे असं समजा. नुसता फैलाव वाढला तरी उणे २ च्या खालची, म्हणजे खुजी मुलं जास्त दिसायला लागतात.

बालरोग_डॉक्टर

वरच्या हिशेबाशी सहमत. मला वेगळंच विचारायचंय. तुमचा कार्यक्रम खेळण्या-बोलण्याचा आहे, मग त्याची परीक्षा उंचीवर का?

जमैकातला एक अभ्यास बघा. १९८६-८७ साली किंग्स्टनमध्ये ९ ते २४ महिन्यांची १२९ खुजी मुलं घेतली आणि चार गट केले. एका गटाच्या घरी दर आठवड्याला तासभर आरोग्य कार्यकर्ती जाऊन आईसोबत मुलाशी खेळायची, खेळणी घरच्याच टाकाऊ वस्तूंची. दुसऱ्या गटाला पूरक आहार, तिसऱ्याला दोन्ही, चौथ्याला काहीच नाही. हे दोन वर्षं चाललं. खेळाने उंची वाढली नाही, पण विकास वाढला. पुढे वीस वर्षांनी तीच मुलं शोधून काढली, तेव्हा खेळाच्या गटातल्यांची कमाई तुलनेच्या गटापेक्षा सरासरी २५ टक्के जास्त निघाली. हे २०१४ साली प्रसिद्ध झालं. त्या लोकांनी उंचीच मोजून दप्तर बंद केलं असतं तर ‘काही उपयोग नाही’ असंच लिहिलं गेलं असतं. तुमच्या भेटी जवळपास त्याच पद्धतीच्या आहेत.

विकास मोजायचा तर साधन निवडताना घाई करू नका. पालकांनी भरायच्या चाळणी प्रश्नावल्या असतात, ‘हो’, ‘कधीकधी’, ‘अजून नाही’ अशा. कुणाला पुढच्या तपासणीची गरज आहे ते त्यांतून कळतं. त्यांचा गुण कार्यक्रमाचा परिणाम म्हणून वापरला की पंचाईत होते, कारण बहुतेक मुलं आधीच वरच्या टोकाला असतात आणि सुधारणा दिसायला जागाच उरत नाही. युनिसेफचा २० प्रश्नांचा निर्देशांक २४ ते ५९ महिन्यांच्या मुलांसाठी आहे, पण तो देशपातळीच्या पाहणीसाठी. त्यावरून एका मुलावर शिक्का मारायचा नाही. तुमच्या वयोगटाला जागतिक आरोग्य संघटनेचं २०२३ साली आलेलं साधन चालेल. ते तीन वर्षांपर्यंतच्या मुलांसाठीच बनवलंय. त्याचा एक भाग पालकांना विचारायचा आणि एक प्रत्यक्ष मुलाकडून करून घ्यायचा. दुसरा भाग शिकायला वेळ लागतो, पण तो वाचवू नका. गृहभेटीत पालकांना ‘मुलाशी बोला, पुस्तक दाखवा’ असं शिकवल्यावर त्यांची उत्तरं आपोआप गोड होतात. त्यात त्यांची लबाडी नसते, त्यांचं लक्ष आता मुलाकडे जास्त जातं. आणि मोजणारी व्यक्ती भेट देणारीच नको.

मुदतीआधी जन्मलेल्या बाळांचं वय दोन वर्षांपर्यंत दुरुस्त करून धरा. दोन महिने लवकर आलेलं बाळ दहाव्या महिन्याला आठ महिन्यांचंच आहे. तुमच्या फॉर्मवर मुदतीचा प्रश्न आहे का?

अजून एक सांगतो. स्वतंत्र चालण्याची खिडकी, म्हणजे निरोगी मुलं ज्या वयात आधाराशिवाय चालायला लागतात तो काळ, ८.२ ते १७.६ महिने एवढी रुंद आहे. बाराव्या महिन्याला न चालणाऱ्याला मागासलेलं लिहू नका. पण खिडकी उलटून गेली, किंवा आलेला शब्द, नजरेला नजर देणं पुन्हा गेलं, तर अहवालाची वाट बघू नका. त्याच दिवशी पुढे पाठवा. कार्यक्रमाच्या मोजणीसाठी एकही मूल थांबवायचं नसतं.

दोघांची_आई

मी मोजणारी नाही, मोजली गेलेली आहे. थोरल्याच्या वेळी आमच्याकडेही भेटी व्हायच्या. दर तीन महिन्यांनी दोघीजणी यायच्या. एक जण बाळाचं डोकं फळीला टेकवायची, दुसरी गुडघे दाबून पाय सरळ करायची. बाळ किंचाळायचं. आकडा लिहायच्या आणि निघायच्या. वर्षभरात मला एकदाही कुणी सांगितलं नाही की आकडा बरा आहे की वाईट. मी रात्री झोपलेल्या बाळाच्या बाजूला वीत टेकवून मोजायचे.

धाकटीच्या वेळी दुसरी बाई आली. तिने आधी मला दहा प्रश्न विचारले. गेल्या आठवड्यात हसावंसं वाटलं का, विनाकारण भीती वाटली का, असे. मी रडले. तिने मला दवाखान्यात पाठवलं. मी बरी झाल्यावर मुलीशी बोलायला लागले, तोवर घरात आवाजच नव्हता. ताई, तुमच्या फॉर्मवर आईसाठी एखादी ओळ असेल तर ठेवा. नसेल तर घाला.

बालरोग_डॉक्टर

ते दहा प्रश्न बहुतेक बाळंतपणानंतरच्या नैराश्याच्या चाळणीसाठीच्या एडिनबरा प्रश्नावलीतले असावेत. १९८७ पासून ती वापरात आहे. समन्वयक ताई, ती जरूर घ्या, पण आधी मदत कुठे मिळेल ते पक्कं करून ठेवा. शेवटचा प्रश्न स्वतःला इजा करण्याच्या विचारांचा आहे. त्याला ‘हो’ आलं आणि पाठवायला जागा नसेल, तर विचारणाऱ्या कार्यकर्तीचीही झोप उडते.

गृहभेट_समन्वयक

आठ दिवसांनी लिहितेय, माफ करा. रोज संध्याकाळी फॉर्म घेऊन बसत होते.

वयं दिवसांत काढली, ‘उभं करून’ केलं, फक्त दोन्ही वेळा मोजलेली मुलं ठेवली. सुरुवातीचा आकडा उणे १.२ च्या जरा खाली गेला आणि नंतरचा उणे १.३ झाला. म्हणजे जागेवरच आहेत. देणगीदारांना मी हेच लिहिलं, आणि यावरून आमचा उपयोग झाला की नाही हे सांगता येत नाही, हेही लिहिलं. ते वाक्य लिहिताना हात अडखळला, पण खोडलं नाही. गळालेल्यांचा सुरुवातीचा आकडा खरोखरच वाईट होता, बाकीच्यांपेक्षा बराच. ते मला जास्त टोचतंय. ती घरं आम्ही का गमावली, हे विचारायला आता दोघी जणी जाणार आहेत. मोजायला जाणार नाहीत, नुसत्या बोलायला.

डॉक्टर, मुदतीचा प्रश्न फॉर्मवर नव्हता. आता घातलाय. आईचे दहा प्रश्नही घेतोय, पण जवळच्या दवाखान्याशी बोलणं पूर्ण झाल्यावरच.

आकडेमोड, तुलनेसाठी एक विचार आहे. पुढच्या तुकडीत दोन वर्षांवरची काही मुलं नव्याने येतील. त्यांना पहिल्याच भेटीत मोजून आमच्या जुन्या मुलांशी ताडून बघितलं तर?

आकडेमोड

काहीच नसण्यापेक्षा बरं, जरूर करा. फक्त उशिरा येणारी घरं मुळातच वेगळी असू शकतात, म्हणून आईचं शिक्षण, घरातली माणसं, बाळाचं जन्मवजन दोन्हीकडे सारख्याच प्रश्नांनी विचारून घ्या. यादी मोठी असेल आणि सगळ्यांना एकदम घेता येत नसेल तर चिठ्ठ्या टाकून अर्ध्यांना आधी घ्या, उरलेल्यांना सहा महिन्यांनी. ते सगळ्यांत चांगलं. वाट बघणाऱ्यांनाही शेवटी सेवा मिळते.

गृहभेट_समन्वयक

चिठ्ठ्यांचं बैठकीत मांडते. यादी मोठीच आहे.

दोघांच्या आईसाठी खास लिहितेय. काल मी स्वतः मोजायला गेले. चौदा महिन्यांचा मुलगा, फळी दिसताच आईच्या पदरात घुसला. आम्ही फळी खाली ठेवली आणि त्याच्या बाहुलीला त्यावर झोपवलं, डोकं टेकवलं, पाय सरळ केले, मोठ्याने आकडा वाचला. मग तो स्वतःच बाहुलीशेजारी आडवा झाला. गुडघा जरासा वाकलेला होता तेव्हा एक आकडा आला, आईने हलकेच दाबल्यावर तोच आकडा सेंटीमीटरभर वाढला. आलेख मी आईच्या मांडीवर ठेवला आणि टिंब तिलाच काढू दिलं.

शनिवारी सगळ्या कार्यकर्त्यांचा सराव आहे. दोघी दोघींनी एकमेकींचा आकडा न बघता एकाच बाळाला मोजायचं. फरक ७ मिलीमीटरच्या वर गेला तर दोघींनीही पुन्हा मोजायचं. बैठकीतून उठून गेली होती, ती म्हणाली की पहिली जोडी माझी.